बटणावरचा हात

आमच्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटवर एकच बटण झिजलं आहे, आवाजाचं. बाकीची सगळी नवीकोरी दिसतात. मी आणि माझी लेक मुक्ता घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो आणि शनिवारी दुपारची जेवणं आटोपली की सिनेमा लावून बसतो. टीव्ही अर्ध्या भिंतीएवढा आहे, त्याच्याखाली लांबलचक स्पीकर आहे आणि कोपऱ्यात जमिनीवर एक काळा ठोकळा ठेवलाय, तो म्हणे फक्त घुमण्यासाठी असतो. एवढी जय्यत तयारी असूनही सिनेमातला नवरा बायकोला काय म्हणाला ते काही केल्या ऐकू येत नाही. आजकाल पडद्यावरची माणसं बोलतच नाहीत, पुटपुटतात. मी आवाज तिसापर्यंत नेते. तेवढ्यात कुणीतरी दार आपटतं, मागोमाग गाडी उडते, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि मी घाईघाईने आवाज बारावर आणते. पुन्हा पुटपुट सुरू, पुन्हा तीस. दोन तासांच्या सिनेमात हे किती वेळा होतं ते मोजायचं मी सोडून दिलंय. "आई, सबटायटल लाव ना, किती टेन्शन घेतेस," मुक्ता म्हणते. "आणि एकदा कान चेक करून घे." कान मी दोनदा तपासून घेतलेत, दोन्ही वेळा ठणठणीत निघाले. दमला आहे तो हात. या कामाला मी चौदाव्या वर्षी लागले, आणि तेव्हा रिमोट नव्हता.

तेव्हा आम्ही वर्तकनगरला राहायचो, वसाहतीतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि मागे दोन माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढी गॅलरी. घरात मी, आई आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. अप्पा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं यंत्र. लहानपणी एकदा मी आईबरोबर त्यांचा विसरलेला डबा पोचवायला गेटपर्यंत गेले होते, तेव्हा तो दणका कानाला नाही, आधी छातीला कळला होता. अप्पांनी त्या यंत्राच्या बाजूला उभं राहून अठरा वर्षं काढली होती. घरी आले की ते मोठ्याने बोलायचे. आई म्हणायची, "अहो, मी इथेच आहे, वेशीवर नाही." तेव्हा सगळे हसायचे, अप्पासुद्धा, जरा उशिराने.

आमच्या घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. सकाळी स्टोव्हला पंप मारल्याचा, मग तो पेटल्यावरचा भुर्र आवाज. वरच्या मजल्यावर खलबत्ता. आई डाळिंब्या सोलायला बसली की परातीत पडणाऱ्या प्रत्येक डाळिंबीचा टप्प आवाज. भिजवलेले वाल मोड यायला ती शनिवारी रात्रीच उबेला ठेवायची, रविवारचं बिरडं ठरलेलं. आणि भिंतीपलीकडे सावंतांचं घर. भिंत कसली, विटेचा पडदाच तो. सावंतकाका खोकले की आम्हाला कळायचं कोणत्या कुशीवर झोपलेत. सावंतकाका अप्पांच्याच कारखान्यात फोरमन होते, अप्पांच्या खात्याचे. शेजारी म्हणून ते चवीला सुकटीची चटणी मागायला यायचे आणि कारखान्यात अप्पांना 'तुम्ही' म्हणून कामं सांगायचे. दोन्ही त्यांना सारखंच जमायचं.

टीव्ही आमच्याकडे अप्पांच्या हौसेने आला. लाकडी पेटीचा, पुढे सरकता दरवाजा, त्यावर आईने क्रोशाने विणलेलं झाकण. काळा-पांढरा. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा. अप्पांच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी असायची, रविवारी ते पहिली पाळी करून चारपर्यंत घरी यायचे, आंघोळ करायचे, घडीचा लेंगा घालायचे आणि टीव्हीसमोर लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. इतकं जवळ, की मागच्यांना नायिकेच्या डोक्याऐवजी अप्पांचं डोकं दिसायचं. मी टीव्हीच्या उजव्या बाजूला, पाटावर. कारण आवाजाचं बटण उजवीकडे होतं.

त्या काळातल्या सिनेमांचा आवाज म्हणजे एक दुखणं होतं. माणसं बोलायची तेव्हा ती शेजारच्या गावात बोलतायत असं वाटायचं, आणि गाणं सुरू झालं की ती एकदम आपल्या मांडीवर येऊन बसायची. मारामारी तर विचारू नका. एक गुद्दा आणि आईच्या फडताळातली पातेली वाजायची. तेव्हा बोलणं आलं की बटण उजवीकडे, गाणं आलं की डावीकडे, हे काम माझं. मी त्या गोल बटणाच्या कडेला नखं रंगवायच्या लाल रंगाचे तीन ठिपके काढले होते: बोलणं, गाणं, मारामारी. हळूहळू मला ठिपक्यांचीही गरज उरली नाही. नायिका जिन्याकडे वळली की गाणं येणार. डॉक्टरने चष्मा काढला की तो आता हळू आवाजात काहीतरी वाईट सांगणार. खलनायकाने सिगरेट विझवली की बटण ताबडतोब डावीकडे. सिनेमा कसा बनतो हे मला कुणी शिकवलं नाही, पण पुढच्या क्षणाला किती आवाज होणार हे मला आधी कळायचं. मोबदल्यात मी त्या वर्षांत एकही सिनेमा समोरून पाहिला नाही. माझे सगळे नायक चपटे आणि तिरके होते.

आता हे काम इतकं महत्त्वाचं का होतं, ते सांगते. अप्पांना ऐकू कमी येत होतं. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि अप्पांना माहीत होतं, पण हे तिसरं आम्ही धरून चालायचो नाही. प्रेसवर दोन माणसं काम करतात. एकाने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने हाक दिली की दाब द्यायचा. हाक ऐकू आली नाही तर बोटं जातात, स्वतःची किंवा दुसऱ्याची. कारखान्यात कळलं असतं तर अप्पांना त्या दिवशीच यंत्रावरून उतरवलं असतं, आणि अप्पांना प्रेसशिवाय दुसरं काही येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं. अप्पा म्हणायचे, मी हाक ऐकत नाही, जोडीदाराचं तोंड बघतो. तोंड बघून त्यांना खूप काही कळायचं. पण भिंतीपलीकडे सावंतकाका होते. टीव्ही सारखा मोठ्याने लागला असता तर त्यांनी दोन आणि दोन चार केले असते. म्हणून आईने मला एकदा स्वयंपाकघरात बोलावून, पोळपाटावरून मान वर न करता सांगितलं होतं, "बोलतात तेव्हा वाढव, त्यांना ऐकू येऊ दे. पण दुसरं काही वाजलं की लगेच कमी कर. सावंतांना कळता कामा नये. तुझ्यावर आहे." त्या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ चौदाव्या वर्षी जेवढा कळायचा तेवढा मला कळला होता.

एवढं करूनही अप्पांना निम्मंच समजायचं. मग ते खुर्चीतून माझ्याकडे झुकायचे. "काय म्हणाला गो तो?" मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगायची. "म्हणाला, जमीन माझ्या नावावर करा." अप्पा मान हलवायचे. तोवर पडद्यावर पुढची दोन वाक्यं होऊन गेलेली असायची, त्यांचंही सांगायचं. एक हात बटणावर, तोंड अप्पांच्या कानाशी, डोळे पडद्यावर तिरके. बातम्यांसाठी सिनेमा मध्ये थांबला की माझी मान आखडलेली असायची आणि आई मला चहाऐवजी दूध द्यायची, दमलीस म्हणून.

अप्पांनी यावर एकदा उपायही शोधला. कुणीतरी त्यांना सांगितलं की स्पीकर मडक्यात ठेवला की आवाज स्वच्छ येतो. झालं. अप्पांनी कुंभाराकडून चांगला पोटफुगा माठ आणला, जुन्या रेडिओतला स्पीकर काढून त्याच्या तोंडावर बसवला, कडेने कणीक थापली आणि दुरुस्तीवाल्याला बोलावून टीव्हीला वायर जोडून घेतली. रविवारी माठ त्यांच्या पायाशी मांडला, पूजेला मांडतात तसा. आधी शेजारच्या गावात बोलणारी माणसं आता विहिरीच्या तळातून बोलायला लागली. पहिलं गाणं आलं आणि ढोलकीचा पहिलाच ठेका असा घुमला की सावंतांच्या बाजूच्या भिंतीवरची तसबीर खाली आली. त्यांच्याकडची, आमच्याकडची नाही. सावंतकाकू लाटणं हातात घेऊनच दारात. "वहिनी, काय कोसळलं हो?" आईने शांतपणे सांगितलं, "काही नाही, माठ आणलाय नवीन." पुढे त्या माठात आम्ही पाणी भरलं. पाणी गार व्हायचं, पण कितीही घासला तरी पहिले काही दिवस कणकेचा वास यायचा.

अप्पांना सिनेमाचं एवढं वेड का, तर त्याला कारण होतं सोमवार. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मागच्या अंगाला, जांभळाच्या झाडाखाली, अप्पा सिनेमा सांगायचे. त्यांच्या खात्यातले बरेचजण एकेकटे राहायचे, कुटुंब गावाला, टीव्ही कुठून असणार. ते डबे घेऊन अप्पांभोवती गोळा व्हायचे. सावंतकाकू सांगायच्या, अप्पा बाईचा आवाज काढायचे, घोड्याचा काढायचे, कोर्टात जज्ज हातोडा आपटतो तो डब्याच्या झाकणावर वाजवायचे. भोंगा वाजला तरी लोक उठायचे नाहीत. घरात कमी बोलणारा, अर्धं न ऐकणारा माणूस तिथे अर्धा तास राजा असायचा. सोमवारी सकाळी पावणेसहाला, मी अंथरुणात असतानाच, ते माझ्या उशाशी बसून उजळणी करायचे. "कोर्टात तो म्हातारा उठतो नि म्हणतो, काय म्हणतो गो?" मी झोपेत सांगायची. ते पुटपुटत मोजे चढवायचे आणि जायचे. त्यांचे सिनेमे माझ्या तोंडून गेलेले असायचे. याचा मला अभिमानही होता, आणि दोन वर्षांनी कंटाळाही आला होता. दोन्ही खरं आहे.

त्या रविवारी आमच्या वर्गातल्या सुनंदाच्या बहिणीची मेंदी होती, समोरच्याच इमारतीत. सगळ्या मैत्रिणी दुपारपासून तिथे जमलेल्या. मी आईला म्हटलं, मी जाऊ का. आई म्हणाली, "सिनेमा झाला की जा." सिनेमा झाला की मेंदी संपणार होती हे तिलाही कळत होतं. अप्पा खुर्ची झटकत होते. त्यांनी माझ्याकडे बघून पाट पायाने पुढे सरकवला, माझ्यासाठी, प्रेमानेच. मी बसले. खिडकीतून त्या पोरींचं हसणं ऐकू येत होतं, मला ऐकू येत होतं.

सिनेमा लांबलचक आणि रडका होता. एक विधवा बाई मुलाला वाढवते, मुलगा शहरात जाऊन तिला विसरतो, आणि शेवटी ती आजारी पडते तेव्हा धावत येतो. शेवटची वीस मिनिटं इस्पितळात. सगळे कुजबुजत होते आणि कुजबुजीच्या मध्येच व्हायोलिनं किंचाळत होती. मी वाढवत होते, कमी करत होते, वाढवत होते. अप्पा झुकत होते. "काय म्हणाला गो?" "काय म्हणाली ती?" एकदा मी कमी करायला एक क्षण चुकले, व्हायोलिनांनी घर दणाणून सोडलं आणि सावंतांकडून भिंतीवर थाप पडली, दोनदा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं लक्ष कुठेय?" डोळ्यांत पाणीच आलं माझ्या, रागाचं. आणि मग तो डॉक्टर आला. त्याने चष्मा काढला. हळू आवाजात त्या मुलाला सांगितलं की आई गेली, उशीर केलात. मुलगा आईच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला.

"काय म्हणाला डॉक्टर?" अप्पांनी विचारलं. त्यांनी परत विचारलं. खाली जिन्यात पोरींचा आवाज आला, मेंदीचे हात वर धरून कुणीतरी घरी चाललं होतं. अप्पा तिसऱ्यांदा म्हणाले, "काय म्हणाला गो?"

"वाचली म्हणाला. घेऊन जा घरी, म्हणाला."

का म्हटलं असं, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं आहे. 'गेली' म्हटलं असतं तर अप्पांनी विचारलं असतं, कशाने, कधी, मुलगा काय म्हणाला, आणि ते सगळं मला कानात ओरडून सांगावं लागलं असतं. 'वाचली' म्हटल्यावर प्रश्न संपतात. एवढंच. दमलेलं माणूस सगळ्यात आखूड वाक्य निवडतं. पडद्यावर मुलगा पायांवर डोकं ठेवून रडत होता, म्हातारीचा चेहरा काही दाखवला नाही, देवळाची घंटा वाजली आणि सिनेमा संपला. अप्पांनी सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. "आनंदाने रडतोय बघ," ते म्हणाले. "बरं केलं. वाचवली म्हातारीला." मी चपला घालून धावत सुनंदाकडे गेले. मेंदीचा कोन संपला होता.

सोमवारी सकाळी उजळणी झाली नाही. शेवट त्यांना पक्का आठवत होता.

दुपारी शाळेतून आले तेव्हा अप्पा घरात होते, कपडे न बदलता, खुर्चीवर. चहा समोर निवला होता. आईने मला डोळ्यांनी आत जा म्हटलं. दिवेलागणीला सावंतकाका आले. ते नेहमीसारखे बसले नाहीत, दाराच्या चौकटीलाच टेकून उभे राहिले आणि आईशी बोलू लागले, हळू, खालच्या आवाजात. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते, मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"वहिनी, राग मानू नका. आज मी जांभळाखालून चाललेलो. हे सांगत होते, म्हातारी वाचली, मुलगा घरी घेऊन गेला. मी सहज म्हटलं, अहो काय सांगताय, मेली की ती, मी पण बघितला काल. तर हे पेटले. म्हणाले, नाही, वाचली. आणखी दोघांनी बघितलेला, ते पण म्हणाले मेली म्हणून. हे ऐकेनात. म्हणाले, माझी पोर बटणाजवळ बसते, तिने स्वतः ऐकून मला सांगितलंय, ती चुकायची नाही."

आईने मागे वळून अप्पांकडे पाहिलं.

"आता मला सांगा, टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला पोरीने का सांगावं लागतं? पोरं हसली हो सगळी. मी नाही हसलो. मी त्यांच्या पाठीमागे गेलो नि तीनदा हाक मारली. वळले नाहीत." सावंतकाकांनी तोंडावरून हात फिरवला. "त्यांच्या जोडीला तो नवीन पोरगा आहे, वहिनी, त्याची बोटं माझ्या अंगावर आहेत. मला सांगावंच लागलं वर. उद्यापासून स्टोअरला बसतील. पगाराला धक्का लागू देत नाही मी."

हे सगळं अप्पांपासून चार हातांवर चाललं होतं. अप्पा एकदा सावंतकाकांच्या तोंडाकडे बघत होते, एकदा आईच्या. सावंतकाका मान खाली घालून बोलत होते, त्यामुळे तोंड नीट दिसत नव्हतं. "काय म्हणतोय सावंत?" अप्पांनी विचारलं. आईने पदर तोंडाला लावला. मग अप्पांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. ते काही विचारणार असं वाटलं, त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी मान फिरवली आणि निवलेला चहा उचलून एका घोटात पिऊन टाकला.

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आईलाही त्यांनी सांगितलं नसावं, कारण आई पुढे आयुष्यभर म्हणत राहिली की पोरीने कानात सांगितलेलं ऐकण्यात यांची चूक झाली आणि सगळं बाहेर आलं. मी तिला सुधारलं नाही. मला भीती वाटत होती, आणि मग भीती जुनी झाली, आणि जुन्या भीतीला माणूस सवय म्हणतो. आज मी हे पहिल्यांदा लिहिते आहे, तेही आता रागावणारं कुणी उरलं नाही म्हणून. यात शौर्य काही नाही.

स्टोअर म्हणजे कारखान्याच्या टोकाची एक लांबट खोली, नटबोल्टांचे खण. तिथे काही वाजत नव्हतं आणि कुणी बोलतही नव्हतं. जांभळाखाली अप्पा परत गेले नाहीत. डबा स्टोअरमध्येच खायचे. पुढच्या रविवारी सिनेमाची वेळ झाली, मी सवयीने पाट घेतला. अप्पांनी लोखंडी खुर्ची उचलली आणि मागच्या गॅलरीत नेली. आईची डाळिंब्यांची परात मांडीवर घेतली आणि टीव्हीकडे पाठ करून सोलत बसले. टप्प, टप्प. आई म्हणाली, "अहो, सुरू झालं." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. मी बटण मधल्या ठिपक्यावर ठेवलं. बोलणं आलं, गाणं आलं, मारामारी आली, मी काहीच केलं नाही. गरजच उरली नव्हती. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा टीव्हीच्या समोर बसून सिनेमा पाहिला, आणि त्यातलं मला काहीही आठवत नाही.

घरात बोलणं तसं चालू राहिलं. फक्त काही कळलं नाही की अप्पा आईला विचारायचे. दारात पोस्टमन आला, आईला विचारायचे. माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा पाहुणे काय म्हणाले हे त्यांनी आईला विचारलं, मी त्यांच्या शेजारीच बसले होते. पुढे त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. त्यात म्हणे ताटल्यांचा आवाज मोठा यायचा आणि माणसांचा बारीक. "सगळं सिनेमासारखं ऐकू येतं," ते एकदा आईला म्हणाले होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा यंत्र घालून बसायचे आणि मुक्ताकडून उत्तरं घ्यायचे. माझ्याकडे झुकून 'काय म्हणाला गो' हे त्यांनी त्या रविवारनंतर घरात कधीच विचारलं नाही. मी वाट बघायची. टीव्ही लावून मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसायची. लेकीला वाटायचं, आईला आजोबांचा केवढा लळा.

शेवटचे दिवस ठाण्यातल्या एका इस्पितळात गेले. यंत्र काढून नर्सने मला स्टीलच्या डबीत घालून दिलं होतं. खाटेशेजारचं मशीन टिक टिक टिक करत होतं, पलीकडच्या खाटेचं वेगळ्या सुरात, मधूनच एखादं जोराने ओरडायचं आणि कुणी फिरकायचं नाही. सकाळच्या फेरीला डॉक्टर आला. तरुण होता, तोंडावर मास्क. त्याने कागद पाहिले, मला जरा बाजूला घेतलं, बाजूला म्हणजे खाटेच्या पायथ्याशी, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की आता आज-उद्याचा प्रश्न आहे, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी मान हलवली. तो गेला.

अप्पा त्याच्याकडे बघत होते. मास्कमुळे तोंड दिसलं नव्हतं. खोलीत मी सोडून कुणी नव्हतं. मुक्ता खाली औषधं आणायला गेली होती. अप्पांनी हात थोडा उचलला, मला जवळ ये म्हणून. मी वाकले.

"काय म्हणाला गो?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. बटणासाठी उजवा हात आपोआप पुढे गेला होता, खाटेच्या दांडीवर. मी म्हटलं, "सुधारताय म्हणाला. दोन दिवसांत घेऊन जा घरी, म्हणाला."

अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कितीतरी वेळ, जोडीदाराच्या तोंडाकडे बघायचे तसं. मग ते हसले. दात नव्हते, तरी तोच तो जांभळाखालचा माणूस असावा.

"म्हणजे म्हातारी वाचली म्हणायची," ते म्हणाले.